नावापुरती सही

मुलगा : पण मी तिचा मुलगा आहे, मॅडम. परका थोडाच आहे?

सल्लागार : म्हणूनच बाहेर बसायचं. परके असतात तर बसू दिलं असतं.

मुलगा : हे काहीतरी नवीनच ऐकतोय.

सल्लागार : नवीन नाही. कर्ज तुम्ही घेताय आणि सही तुमची आई करतेय. ज्याच्यासाठी सही, तो माणूस त्या वेळी खोलीत नको, असा नियम आहे. बँकेनेच तुम्हाला इथे पाठवलंय ना? या मदत केंद्राचा शिक्का नसेल तर त्या सहीचा बँकेला उपयोग नाही.

मुलगा : अहो, तिला यातलं काही कळत नाही. मी घरून सगळं समजावून आणलंय. विचाराल त्याला ती हो म्हणेल. हो ना गं आई?

आई : जा तू. जिन्यापाशी चहाचं यंत्र आहे, येताना पाहिलं मी.

मुलगा : घाबरू नकोस. नावापुरती सही आहे, बस्स.

आई : हो रे. जा.

मुलगा : मॅडम, जरा लवकर बघा. दुपारनंतर दुकानात गर्दी असते, मला परत जायचंय.

सल्लागार : दार पूर्ण लावून घ्या. नाही, अजून. खटका ऐकू आला पाहिजे.

(दार लागतं.)

सल्लागार : पाणी देऊ, मावशी?

आई : नको. ती भिंतीवरची माणसं कोण हो? हातात किल्ली धरून हसतायत ती.

सल्लागार : ती नुसती जाहिरातीतली आहेत.

आई : मला वाटलं, इथे येऊन घर मिळालेली असतील. तुमच्या डाव्या बाहीची इस्त्री कच्ची राहिलीय. राग नका मानू. हाताला सवय लागली की डोळ्याला आधी तेच दिसतं.

सल्लागार : इस्त्रीचं काम करता?

आई : हॉटेलच्या धुलाईखान्यात आहे मी. चादरी, अभ्रे यंत्रावर जातात. पाहुण्यांचे अंगातले कपडे तेवढे माझ्याकडे. बाकीच्या बायका कॉलर जाळतात.

सल्लागार : मग आता असं करू. तुम्ही आज इथे कशासाठी आलात, ते तुमच्या शब्दांत मला सांगा. चुकलं तरी चालेल.

आई : साक्षीदार म्हणून सही करायची आहे. मुलगा घर घेतोय. त्याने माझ्यादेखत घेतलं, असं मी लिहून द्यायचं.

सल्लागार : असं कुणी सांगितलं?

आई : मला तसं वाटलं.

सल्लागार : मावशी, वाटलं की सांगितलं?

आई : तुम्ही लिहून घेताय का हे?

सल्लागार : हे बघा, पेन खाली ठेवलं. तुम्ही या खोलीत जे बोलाल ते बाहेर जात नाही. बँकेकडे नाही, तुमच्या मुलाकडेही नाही.

आई : सुनेकडे?

सल्लागार : सुनेकडे तर नाहीच.

आई : मग विचारा.

सल्लागार : आधी मी सांगते, मग तुम्ही विचारा. या सहीने तुम्ही साक्षीदार होत नाही. जामीन राहता. आणि नुसत्या जामीन नाही, तुमचं राहतं घर त्याच्या कर्जाला तारण लागतं. त्याचे हप्ते थकले, तर बँक आधी त्याचं घर विकेल. तेवढ्यात भागलं नाही तर तुमचं. तुम्ही एकही पैसा घेतला नसला तरी. हे कळतंय ना तुम्हाला? मी भराभर बोलते, थांबवा मला.

आई : माहीत आहे.

सल्लागार : माहीत आहे? कधीपासून?

आई : आत्ता. तुम्ही दार लावायला लावलंत ना, तेव्हापासून.

सल्लागार : मी तर तोवर काही बोललेही नव्हते.

आई : साक्षीदाराला कुणी एकटं बोलवत नाही, बाई. धाकट्या लेकीच्या काडीमोडाच्या वेळी मी साक्षीला गेले होते. भर कोर्टात सगळ्यांच्या पुढ्यात उभं केलं. तिच्या नवऱ्याच्या मावसभावालासुद्धा ऐकू गेलं, मी काय बोलले ते. आणि आमच्या ह्यांच्या आजारपणात डॉक्टरांनी मला एकटीला आत घेतलं, दार लावलं. ज्याचं काही जाणार असतं, त्यालाच एकटं आत घेतात. हे कळायला शाळा लागत नाही.

सल्लागार : पाणी घ्याच थोडं.

आई : भुंग्या तिथे जिन्यापाशी उभा असेल हो. चहा पीत.

सल्लागार : भुंग्या?

आई : लहानपणी सारखा गुणगुणायचा. घरात तेच नाव पडलं. आता टाय लावतो, पण मी भुंग्याच म्हणते. दुकानातल्या लोकांसमोर नाही म्हणत.

सल्लागार : त्याने तुम्हाला साक्षीदार असं सांगितलं. बरोबर?

आई : तुम्ही कशाला वदवून घेताय माझ्याकडून?

सल्लागार : कारण मला ठरवायचंय, तुम्ही समजून सही करताय की—

आई : की पोराने फसवलंय. म्हणा ना. तुम्हाला काय, रोज येत असतील अशा. तुम्ही शिकलेल्या आहात, मला एक सांगा. पोराने आईला खोटं सांगितलं, तर लाज कुणाला वाटायची? त्याला का तिला? कारण तो बाहेर चहा पितोय आणि इथे माझे कान तापलेत.

सल्लागार : ते मलाही सांगता येणार नाही, मावशी.

आई : बघा. आणि त्याचा एकट्याचा दोष असता तर मीही दोन शब्द बोलले असते त्याला. पण सुरुवात माझ्याच तोंडाने झाली.

सल्लागार : म्हणजे?

आई : सुनेच्या माहेरी जेवायला बोलावलं होतं. नव्या घराचं बोलणं निघालं. व्याही म्हणाले, बयाणा आम्ही देऊ, लेकीचं घर आहे. विहीणबाई माझ्या ताटात वाढताना म्हणाल्या, "तुम्ही मुळीच काळजी करू नका हं, तुमच्याकडून आम्हाला काही अपेक्षाच नाही." इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की मला वाटलं तिथेच ताट सरकवावं आणि उठावं.

सल्लागार : मग?

आई : उठले असते तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "असं कसं? माझं घर आहे त्याच्या पाठीशी. वेळ आली तर ते लावीन मी." भुंग्याने मान वर करून पाहिलं माझ्याकडे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याला वाटलं, आई खरंच बोलतेय. मला वाटलं, बोलणं तिथेच राहिलं.

सल्लागार : मावशी, जेवताना बोललेलं बँक धरत नाही.

आई : बँक नाही धरत. पोर धरतं.

सल्लागार : त्याने सरळ विचारलं असतं, आई, तू बोलली होतीस ते खरं करशील का, तर?

आई : हो म्हणाले असते. म्हणून तर बरं झालं नाही विचारलं. हेच तर मला खातंय. तो खोटं बोलला, आणि मला मनात कुठेतरी सुटल्यासारखं झालं. आता नाही म्हणायला मला जागा मिळाली. अशी कशी आई मी?

सल्लागार : घरात अजून कोण आहे?

आई : धाकटी. नवऱ्याकडून आली ती आली. बेकरीत कामाला जाते, पहाटे निघते. आतली खोली तिची. आल्यावर पहिले काही महिने कपडे बॅगेतच ठेवायची. कपाट रिकामं करून दिलं होतं मी, तरी बॅगेत. आता कुठे कपाटात लावलेत. उद्या काही वाईट झालं तर पुन्हा बॅग भर म्हणून कोण सांगणार तिला? बँकेचा माणूस की मी?

सल्लागार : म्हणजे तुम्हाला नाही म्हणायचंय.

आई : मला म्हणता येणार नाही. तुम्ही म्हणा.

सल्लागार : मी?

आई : आमच्याकडे एक रिवाज आहे. पाहुण्यांच्या कपड्यांच्या खिशात काय काय निघतं. चिठ्ठ्या, गोळ्या, कुणाचा तरी फोटो. एकदा एका गृहस्थांच्या खिशात लग्नातली अंगठी निघाली. बोटातून काढून ठेवलेली. आम्ही विचारत नाही. मुकादमबाई ते पाकिटात घालते आणि घडी केलेल्या कपड्यांवर ठेवून देते. त्यांनाही कळतं, आम्हालाही कळतं. पण उघड कुणी ओशाळत नाही. तसं करा. त्याचं त्याला परत द्या, न बोलता.

सल्लागार : हे करता येतं.

आई : खरंच?

सल्लागार : शिक्का द्यायचा की नाही हे माझ्या हातात आहे. मी बँकेला एवढंच कळवीन, सल्ला दिला, शिक्का दिला नाही. का, ते सांगायला मी बांधील नाही. तुमच्या मुलालाही कारण द्यावं लागत नाही. त्याने माझ्यावर राग काढला तर काढू दे.

आई : तुम्हाला चालेल?

सल्लागार : त्याचा पगार मिळतो मला.

आई : हसवू नका. मग त्याचं घर गेलंच ना पण?

सल्लागार : तसं नाही. कदाचित लहान होईल, कदाचित उशिरा होईल. दुसऱ्याही वाटा असतात. सगळं घर न लावता ठराविक रकमेपुरतं आणि ठराविक वर्षांपुरतं जामीन राहता येतं. तेही तुम्हाला हवं असेल तरच. पहिलं घर घेणाऱ्यांना मदत मिळते, ती त्याला लागू होते का बघता येईल. हे सगळं आम्ही फुकट सांगतो. तो आधी आला का नाही इथे?

आई : मी म्हटलं होतं त्याला. धुलाईखान्यातल्या एकीने सांगितलं होतं या जागेबद्दल. तो म्हणाला, तिथे अडलेले लोक जातात. आपण काय अडलेलो आहोत का?

सल्लागार : हाक मारू त्याला?

आई : थांबा. पदर नीट करू दे. डोळे लाल दिसतायत का?

सल्लागार : थोडे.

आई : म्हणावं, खोलीत धूळ आहे. तशी आहेच.

सल्लागार : (दार उघडून) या आत. बसा.

मुलगा : झालं ना? कुठे केली सही? आई, चष्मा आणला होतास ना?

सल्लागार : सही झालेली नाही. मी शिक्का देत नाही आहे.

मुलगा : म्हणजे आज नाही?

सल्लागार : या कर्जासाठी नाही.

मुलगा : का पण?

सल्लागार : कारण सांगायला मी बांधील नाही. बँकेला तसं कळवते.

मुलगा : बांधील नाही? अहो, बँकेने सगळं मंजूर केलंय. हा एक शिक्का अडलाय. घराच्या मालकाने वाट पाहायची मुदत दिलीय आम्हाला, ती संपत आलीय. माझ्या सासऱ्यांचा बयाणा गुंतलाय त्यात. आणि तुम्ही म्हणता, कारण नाही!

सल्लागार : कारण नाही असं नाही म्हटलं. सांगणार नाही म्हटलं.

मुलगा : काय सांगितलंत हो माझ्या आईला? एकटी गाठून काय भरवलंत तिच्या डोक्यात?

सल्लागार : आवाज जरा खाली.

मुलगा : तुमचं बरं असतं. खुर्चीवर बसायचं आणि लोकांच्या घरात खोडा घालायचा. स्वतःच्या घराचे हप्ते कधीच फिटले असतील.

सल्लागार : मी भाड्याने राहते.

मुलगा : मग तर झालंच! म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही. फुकटचं केंद्र, फुकटचा सल्ला. मी तक्रार करणार आहे तुमची.

सल्लागार : करा. बाहेरच्या फलकावर नंबर आहे. सगळ्यात खालची ओळ.

मुलगा : एका म्हाताऱ्या बाईला घाबरवताना तुम्हाला काहीच—

आई : भुंग्या, त्यांना बोलू नकोस.

मुलगा : तू गप्प बस गं. तुला माहीत नाही, या बाईमुळे आज आपलं काय—

आई : त्यांनी काही केलं नाही. मी नाही म्हटलं.

मुलगा : काय?

आई : मी नाही म्हटलं. वर त्यांना म्हटलं, माझं नाव घेऊ नका, तुमच्या अंगावर घ्या. त्या घेत होत्या बिचाऱ्या. तू त्यांच्या घराण्यापर्यंत पोचायच्या आत मीच सांगते.

मुलगा : अगं, पण कशाला नाही म्हणायचं? नुसती साक्षीची सही—

आई : अजून तेच म्हणणार आहेस? यांच्या समोर?

मुलगा : मी काय म्हणतोय—

आई : म्हण ना. पुन्हा एकदा म्हण. माझ्याकडे बघून म्हण.

(मुलगा टायची गाठ सैल करतो.)

आई : साक्षीदाराला दार लावून एकटं बसवतात का रे?

मुलगा : मॅडम, तुम्ही जरा बाहेर जाता का?

सल्लागार : मी जाऊ शकत नाही. तुम्ही दोघं इथे असताना नाही.

आई : राहू दे त्यांना. त्यांच्यासमोर एवढं झालं, अजून काय झाकायचंय?

मुलगा : मला सांगायचं होतं तुला. खरंच. गाडीतसुद्धा दोनदा तोंडावर आलं होतं.

आई : मग?

मुलगा : मग सिग्नल सुटला.

आई : वा!

मुलगा : दुकानात काय होतं, मी रोज हप्त्यावर फ्रीज विकतो. गिऱ्हाईक तयार होतं, पण शेवटी घरातल्या कुणाची तरी सही लागते, तिथे बिचकतं. बायको असते, म्हातारे वडील असतात. मग मी म्हणतो, नावापुरती आहे हो. दिवसभर म्हणतो. तुझ्यासमोर बसलो, तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं. साक्षीदार हा शब्दसुद्धा दुकानातलाच आहे. मोठे साहेब शिकवतात तो. जामीन म्हटलं की लोक उठून जातात.

आई : म्हणजे मी गिऱ्हाईक.

मुलगा : नाही गं.

आई : आणि ते लोक? फ्रीजवाले? त्यांच्यासाठी सही करणाऱ्या आया असतील की त्यांनाही.

मुलगा : असतील.

आई : तू त्यांनाही हेच सांगतोस.

मुलगा : आई, पुरे ना. मला कळलं.

सल्लागार : मी एक विचारू? जामीन मागितलाच का बँकेने? तुमचा पगार पुरत नाही?

मुलगा : ठरलेला पगार थोडा आहे. बाकी कमिशन. कमिशन बँक धरत नाही.

सल्लागार : असं बँक म्हणाली?

मुलगा : कर्जाचं काम बघणारा एजंट म्हणाला. तो म्हणाला, लहान घर बघा, नाहीतर जामीन आणा. पण लहान घर आता कसं बघू? सासऱ्यांना मी सांगून बसलोय, कर्ज झालं म्हणून. त्यांनी चार नातेवाइकांना नेऊन घर दाखवलंसुद्धा. कुठल्या भिंतीला कुठलं कपाट, इथपर्यंत ठरलंय त्यांच्यात.

सल्लागार : मागच्या काही वर्षांचं कमिशन कागदावर दाखवता आलं, तर काही बँका त्यातलं थोडं धरतात. सगळं नाही. पण मोठ्या घराच्या कर्जात जामीन आणायला लावणं एजंटला सोपं पडलं असेल. त्याला पैसे कोण देतं, हे विचारलंत?

मुलगा : मी काहीच दिले नाहीत त्याला. तो म्हणाला, तुम्हाला फुकट.

सल्लागार : मग बँक देत असणार. कर्ज जितकं मोठं, तितके जास्त. विचारलंत तर हे सांगणं त्याला भाग आहे.

मुलगा : म्हणजे तोही कमिशनवर.

सल्लागार : तुमच्यासारखाच.

आई : त्यानेही सांगितलं असेल ना रे तुला, नावापुरतं आहे म्हणून?

मुलगा : आई.

सल्लागार : बयाण्याचं काय ठरलंय? कर्ज मिळालं नाही तर बयाणा परत, असं कलम आहे का करारात?

मुलगा : असेल.

सल्लागार : असेल की आहे?

मुलगा : सगळं नाही वाचलं. बारीक अक्षर होतं. सासरे शेजारी बसले होते, त्यांच्यासमोर वाचत बसणं बरं दिसलं नसतं. सही कुठे करायची म्हणालो आणि केली.

आई : ह्या! तू वाचायला काय कमी शिकलास रे?

मुलगा : त्यांना वाटलं असतं, जावयाला भरवसा नाही.

सल्लागार : करार घेऊन या. उद्या सकाळी आणलात तर बरं. ते कलम असेल तर मुदत संपायच्या आत मालकाला कळवावं लागतं. नसेल तर काय करता येईल ते बघू. मी आत्ता कबूल काही करत नाही.

मुलगा : उद्या? मी... मघाशी तुम्हाला इतकं बोललो.

सल्लागार : मला रोज कुणी ना कुणी बोलतं. बाहेर नाव लिहून घ्या, नाहीतर खोळंबाल. आणि मावशी, तुमच्यासाठी एक सांगते. पुढे कधीही, कुठल्याही कागदावर, कुणीही सही मागितली तरी इथे आधी येऊन विचारायचं. सही केल्यावरही पहिल्या थोड्या दिवसांत ती मागे घेता येते कधीकधी, पण त्यावर विसंबू नका.

आई : येईन. पण ती बाही नीट करून ठेवा तोवर.

सल्लागार : ठेवते.

आई : भुंग्या, तुझा फोन थरथरतोय. खिशात.

मुलगा : हिचा आहे. सही झाली का विचारायला. तिच्याजवळ तिचे बाबा बसलेले असणार.

आई : घे मग.

मुलगा : नंतर करतो.

आई : नंतर तुला दुसरं काहीतरी सुचेल. घे.

मुलगा : हॅलो. हो, इथेच आहे... नाही. नाही झाली... आईने नाही, आईचा काही संबंध नाही. म्हणजे आहे, पण चूक माझी आहे. कर्ज मंजूर झालं नव्हतं... नव्हतंच गं. मी तसं म्हणालो होतो... हो, बाबांनासुद्धा. त्यांना जरा दे फोन... नको का? मग संध्याकाळी त्यांना थांबव. मीच सांगतो... रडू नकोस. रडतेयस का? हॅलो? हॅलो?

आई : ठेवला?

मुलगा : ठेवला.

आई : करेल परत. थोडा वेळ दे तिला.

मुलगा : मॅडम, मी... उद्या येतो करार घेऊन.

सल्लागार : या.

मुलगा : चल आई, सोडतो तुला.

आई : मी बसने जाईन.

मुलगा : गाडी खाली उभी आहे गं. वाटेतच तर आहे घर.

आई : असू दे. आज मला तुझ्या शेजारी बसवणार नाही. तुला पण नाही बसवणार. दोघं समोर बघत जाऊ आणि सगळे सिग्नल लाल लागतील.

मुलगा : रागावलीस?

आई : रागावले असते तर चार शिव्या घालून गाडीत बसले असते. राग नाही रे हा. व्याह्यांच्या ताटावर बसून मी जे बोलले, ते आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने परत घेऊ, ते बघायचंय मला. बसमध्ये विचार करीन. तू तुझा कर.

मुलगा : धाकटीला सांगणार आहेस?

आई : काय?

मुलगा : की मी तिच्या खोलीचाही विचार केला नाही.

आई : केला नव्हतास?

मुलगा : नाही. खरं सांगतो. एकदाही नाही आला मनात.

आई : मग ते तू सांग. माझ्याच्याने नाही होणार.

मुलगा : रविवारी येऊ?

आई : ये.

मुलगा : ती असेल घरी?

आई : असेल की. तिचंही घर आहे ते.